पाव सेकंद

३ मार्च, मंगळवार

साउंडबार घरी आला. खोका इतका लांब की टॅक्सीत मावेना, शेवटी एक टोक खिडकीबाहेर काढून आणला. सौ.ने दार उघडलं आणि विचारलं, "अहो, पडद्याची दांडी आणलीत का?" एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानदारांचे टोमणे खाल्लेल्या माणसाला घरचे टोमणे पचतात.

नोंद असावी म्हणून लिहितो की ही खरेदी कन्येच्या मालिकेसाठी केलेली नाही. मी बल्ब आणायला गेलो होतो. हल्लीचे टीव्ही इतके सपाट झालेत की आवाजाला आत राहायला जागाच नाही. जो काही निघतो तो मागच्या भिंतीला ऐकू येतो. कधीतरी काहीतरी घ्यायचंच होतं. येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता कन्येने ध्वनी सांभाळलेल्या मालिकेचा पहिला भाग आहे, हा निव्वळ योगायोग.

ध्वनी सांभाळायचा म्हणजे काय, तर नटांचे संवाद त्यांच्या ओठांशी जुळवायचे, कोणी चाललं की पावलांचा आवाज घालायचा, कोणी कप ठेवला की कपाचा. यासाठी माझ्या मुलीने खात्याची परीक्षा सोडली. फॉर्म मी स्वतः भरून आणला होता, फक्त सही बाकी होती. तो तिने न बोलता माझ्या टेबलावर परत ठेवला आणि चार महिन्यांपूर्वी स्टुडिओजवळ मैत्रिणीबरोबर खोली घेतली. तिथे ती सहा महिने उमेदवारीवर आहे. पुढे पक्कं करायचं की नारळ द्यायचा, ते तिथल्या मॅडम ठरवणार.

आमचं बोलणं तुटलेलं वगैरे नाही. ती फोन करते, सौ. बोलते आणि मी शेजारच्या खोलीत बसून ऐकतो.

४ मार्च, बुधवार

सौ.ने बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला सांगितलं आणि संध्याकाळी साडूभाऊ दारात हजर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून जगातली प्रत्येक वायर आपल्याला विचारून जाते, असा त्यांचा समज आहे. हातात एक काळा, भलाथोरला, जड डबा. त्यांच्या जुन्या होम थिएटरचा रिसीव्हर.

"निरीक्षकसाहेब, तो बार परत करून टाका," ते म्हणाले. "हा लावा. शनिवारी माळ्यावरून स्पीकर काढतो, तेही देतो. मग कळेल आवाज कशाला म्हणतात."

"दोन्ही लावले तर?"

"दोन्ही नसतात हो लावायचे. दोघांचं काम एकच. एकतर बार, नाहीतर रिसीव्हर आणि स्पीकर."

एवढं सांगून, चहा पिऊन, माझ्या नव्या साउंडबारकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघून ते गेले. सौ. म्हणाली, "रिसीव्हर परत नका पाठवू हं. ताईला वाईट वाटेल." बार मी परत करणार नाही, कारण मग साडूभाऊंना बरं वाटेल. तेव्हा दोन्ही लागणार. 'नसतात लावायचे' असं ते म्हणाले नसते, तर मी कदाचित विचार केलाही असता.

५ मार्च, गुरुवार

दिवस टीव्हीच्या पाठीमागे गेला. माहितीपुस्तिका बावीस भाषांत आहे आणि एकाही भाषेत कळत नाही.

टीव्हीला तीन खाचा आहेत. तिन्हींवर 'इन' लिहिलंय, म्हणजे आत. त्यातल्या एकीवर वर आणखी तीन अक्षरं आहेत, आणि पुस्तिका सांगते की या खाचेतून चित्र आत येतं आणि आवाज बाहेर जातो. त्याच वायरीतून. दारावर पाटी 'आत' आणि माल निघतोय बाहेर. माझ्या कारकिर्दीत असली पाटी लावणाऱ्याला मी नोटीस दिली असती. बरं, अशी खाच एकच, आणि रिसीव्हरलाही तीच हवी, बारलाही तीच.

स्टुलावर कोपर, काखेत टॉर्च, अशा अवस्थेत असताना सौ.ने विचारलं, "भावोजींना फोन लावू का?"

"गरज नाही," मी म्हणालो. डोकं टीव्हीच्या कोपऱ्यावर आपटलं, पण त्याचा या निर्णयाशी संबंध नाही.

६ मार्च, शुक्रवार

झालं. आणि तेही कोणाला न विचारता.

खाच रिसीव्हरला दिली. बार मात्र बिनवायरीने जोडला, ब्लूटूथवर. टीव्हीने विचारलं, आवाज कुठे पाठवू? मी बार निवडला आणि खोली दणाणली. रिसीव्हरच्या काचेवरही निळा दिवा लागला आणि बेचाळीस हा आकडा आला. म्हणजे दोन्ही चालू. साडूभाऊंना बोलावून दाखवावं असं वाटलं, पण माणसाने संयम पाळावा.

रिसीव्हरचं बटण फिरवून पाहिलं. बेचाळीसवर आवाज ठीक होता, पण अठ्ठेचाळीसवर त्यात एक खर्ज येतो, भरदारपणा येतो. सौ.ला विचारलं तर म्हणते, काहीच फरक नाही. असो. कान असावा लागतो.

चाचणी म्हणून मॅच लावली. लांबून दिसणारे खेळाडू आणि प्रेक्षकांचा गोंगाट. उत्तम.

८ मार्च, रविवार

साडेसहालाच बसलो. वही, पेन, चष्मा, रिसीव्हर अठ्ठेचाळीसवर.

शेवटच्या, नावांच्या पाट्या आधी आल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण तिचं नाव बघायचं आणि मग भाग बघायचा असं मनात होतं. गोष्ट एका बापाची आहे, मुलं परदेशी आणि हा एकटा घरात. पहिल्याच प्रसंगात तो दार उघडून म्हणतो, "कोण आहे?" आणि मी ताठ बसलो. तोंड आधी हललं. शब्द मागून आले.

वाटलं, चुकून झालं असेल. नाही. प्रत्येक वाक्य तसंच. कप टेबलावर टेकतो आणि मग टक् वाजतं. म्हातारा चालतो आणि पावलं त्याच्या मागून येतात. मी वहीत लिहिलं: तफावत अंदाजे पाव सेकंद, सर्वत्र, एकसारखी. शेरा: अस्वीकार्य.

सौ. मात्र डोळे पुसत होती. "छान केलंय ना हो?" मी म्हणालो, तू ओठांकडे बघ. ती म्हणाली, मी गोष्ट बघतेय.

आठ वाजता कन्येचा फोन आला. सौ.चं कौतुक संपेना, शेवटी मी फोन घेतला. चार महिन्यांनी. "पाहिलंत बाबा?" तिने विचारलं. मी म्हणालो, "पाहिलं. बारीकसारीक सोडून देतो. मुख्य चूक अशी की आवाज उशिरा येतोय." आणि मिनिटांसह नऊ ठिकाणं वाचून दाखवली.

तिने विचारलं, "किती उशिरा?"

"पाव सेकंद."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. एकसारखा."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला. वाद नाही, रडणं नाही, सबबी नाहीत. मला समाधान वाटलं. कामाच्या माणसासारखी बोलली. सौ. माझ्याशी बोलत नाहीये, त्याचं कारण तिने सांगितलेलं नाही.

९ मार्च, सोमवार

ही कीड फार पसरली आहे. सकाळी बातम्या लावल्या तर निवेदिकेचंही तेच, तोंड आधी आणि बातमी नंतर. दुसऱ्या वाहिनीवर हवामान सांगणारा गृहस्थ, त्याचंही तेच. स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईंनी फोडणी टाकली आणि चुर्र नंतर झालं. सगळ्या देशाचा कारभार पाव सेकंद मागे चाललाय आणि कोणाला फिकीर नाही. दोन वाहिन्यांना तक्रारअर्ज लिहिले. तिसरीचा पत्ता मिळाला नाही.

दुपारी सौ.ने कन्येचा भाग मोबाईलवर पुन्हा पाहिला. "इथे तर बरोबर दिसतंय."

"एवढ्याशा पडद्यावर ओठ ते केवढे दिसणार," मी म्हणालो.

११ मार्च, बुधवार

सौ. तासभर फोनवर होती. नंतर स्वयंपाकघरात भांडी गरजेपेक्षा जास्त वाजली. मग येऊन समोर बसली आणि सांगितलं ते असं.

कन्येने सोमवारी स्टुडिओत भाग पुन्हा तपासला. तिथल्या यंत्रावर तो बिनचूक. मग तिने ठरवलं की वाहिनीकडे पाठवताना आपलंच काहीतरी चुकलं असणार. वाहिनीकडून बोंब होण्याआधी आपण सांगावं म्हणून ती स्वतःच मॅडमकडे गेली. मॅडमनी विचारलं, तू स्वतः तो टीव्हीवर पाहिलास का? ती म्हणाली, हो, मला ठीक वाटला, पण माझे बाबा म्हणतात चुकलाय. मॅडमनी वाहिनीला विचारलं आहे. तोवर पुढचे दोन भाग एका जुन्या माणसाला दिलेत.

"तीन दिवस धड जेवली नाही ती," सौ. म्हणाली.

मी म्हणालो, चूक स्वतःहून कबूल केली, हे संस्कार आहेत. सौ.ने माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेली. खरं सांगायचं तर मलाही जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

१४ मार्च, शनिवार

साडूभाऊ स्पीकर घेऊन आले. गेल्या शनिवारचे या शनिवारी. बातम्या चालू होत्या. घाम पुसत ते मिनिटभर टीव्हीकडे बघत राहिले.

"ही बाई उशिरा का बोलतेय?"

"हल्ली सगळेच उशिरा बोलतात," मी म्हणालो.

"आमच्याकडे नाही बोलत."

मी काही म्हणायच्या आत ते टीव्हीच्या मागे शिरले. रिसीव्हर बंद केला. आवाज होता तसाच. खर्जासकट. "हा तर नुसता दिवा लावून बसलाय, साहेब. याला स्पीकरच नाहीत, हा वाजणार कशाने? सगळा आवाज बारमधून येतोय, तोही बिनवायरीने. बिनवायरीने कधीकधी उशीर होतो." मग त्यांनी रिसीव्हरची वायर उपटली आणि त्याच खाचेत बारची वायर घातली. टीव्हीला काहीतरी विचारलं, काहीतरी सांगितलं.

निवेदिका बोलली. तोंड आणि शब्द बरोबर.

मी दुसरी वाहिनी लावली, तिसरी लावली. मग कन्येचा भाग लावला. म्हाताऱ्याने दार उघडलं. "कोण आहे?" शब्द त्याच्या तोंडातूनच आले, इतके बेमालूम की त्यात कोणाचा हात आहे हे कळूच नये. कप टेकला तेव्हाच टक् झालं. मी नऊच्या नऊ ठिकाणं काढून पाहिली. साडूभाऊ चहाला थांबतो म्हणाले होते, पण माझं तोंड बघून निघून गेले. टोमणा न मारता गेले, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

एकतीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात शिरण्याआधी मी माझी प्रमाण वजनं खात्यात तपासून घ्यायचो. आपलंच वजन खोटं असेल तर समोरच्याचा तराजू तोलायचा काय अधिकार? नव्या निरीक्षकांना हेच पहिल्या दिवशी शिकवायचो. आणि पोटच्या पोरीचं काम मी बिनवायरीच्या बारवर आणि माझ्या अकलेवर तोललं.

तिला फोन केला. उचलला नाही. 'कामात आहे' असा निरोप आला. काम तर तिच्याकडे सध्या काही नाही.

१५ मार्च, रविवार

सात वाजता दुसरा भाग. पाट्यांमध्ये दुसरं नाव. टीव्ही बंद केला.

१६ मार्च, सोमवार

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. सौ. म्हणाली, "फोनवर सांगा की." पण जो दोष आपण वहीत नोंदवून काढतो तो फोनवर मागे घेता येत नाही.

स्टुडिओ तळघरात आहे. भिंतींना गाद्या मारलेल्या, आणि एका खोलीत चौकटीसकट चार दारं नुसती उभी, मागे ना घर ना खोली. एका परातीत वाळू, एका परातीत खडी. भिंतीलगत चपला-बुटांचे वीसेक जोड, बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे. कन्या याच खोलीत खाली बसून, हातात पुरुषी बूट घेऊन, ते वाळूत दाबत होती. कोणाच्या तरी दुसऱ्याच्या भागासाठी. मला बघून तिने बूट खाली ठेवले.

मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील. मी उभ्यानेच सांगितलं की आवाज उशिरा येत होता तो माझ्या घरात. जोडणी मी चुकवली होती. मुलीच्या कामात दोष नव्हता. हवं तर लिहून देतो.

"त्याची गरज नाही," मॅडम म्हणाल्या. "वाहिनीने शुक्रवारीच कळवलंय, भाग व्यवस्थित गेला."

"मग तिचं काम काढून का घेतलंत?"

"काका, बसा." मी बसलो. "भाग चुकला असता तर मी दुरुस्त करून घेतला असता. रोज कोणी ना कोणी चुकतं. पण हिने यंत्रावर तपासलं, बरोबर होतं. स्वतःच्या कानांनी ऐकलं, बरोबर होतं. तरी येऊन म्हणते, चुकलं असणार, कारण बाबा म्हणतात. ज्या मुलीचा स्वतःच्या कानावर विश्वास नाही, तिला मी या कामात कशी ठेवू?"

कन्या दारात उभी होती. मी तिच्याकडे न बघता बोललो, बघून बोलता आलं नसतं. म्हणालो, "यात तिचा दोष नाही. तिच्या लहानपणापासून घरात एकच माणूस बरोबर असायचा. ती शाळेत पहिली आली तेव्हा मी विचारलं होतं, पाच मार्क कुठे गेले. तिचे कान चांगले आहेत, मॅडम. ते झाकून ठेवायची सवय मी लावली."

मॅडम म्हणाल्या, चौथा भाग तिला देऊन बघते, पक्कं करायचं ते त्यानंतर बघू.

कन्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं होतं, आता ती म्हणेल, जाऊ दे बाबा. तसं म्हणाली नाही.

"फोन तुम्ही घेतलात ना त्या दिवशी, तेव्हा मी जागची उठून उभी राहिले," ती म्हणाली. "मला वाटलं, चार महिन्यांनी बाबा बोलतायत. आणि तुम्ही मिनिटं वाचायला लागलात."

"चुकलं माझं."

"चूक असती तरी चाललं असतं बाबा. आधी एकदा छान म्हणायचं होतं. मग सांगायची चूक."

बस आली. मी चढलो. ती वळून गेली, मागे बघितलं नाही. तिचा राग रास्त आहे.

१७ मार्च, मंगळवार

रिसीव्हर आणि स्पीकर टॅक्सीत घालून साडूभाऊंकडे नेऊन दिले. "तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं," असं त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्यांनी हे वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं, कारण मेव्हणीबाई तेव्हा आत होत्या.

दोन्ही वाहिन्यांना तक्रारअर्ज मागे घेतल्याची पत्रं टाकली.

२९ मार्च, रविवार

चौथा भाग. पाट्यांमध्ये तिचं नाव. सौ.ने पडद्यावर बोट ठेवून मला दाखवलं, जसं काही मला वाचता येत नाही.

वही घेतली नव्हती. पण डोळ्यांचं काय करणार, त्यांना एकतीस वर्षांची खोड आहे. बाराव्या मिनिटाला म्हाताऱ्याची सून रागाने आत जाते आणि मागचं दार लोटते. दार चौकटीवर आपटतं, पडद्यावर भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हलतं. आवाज नाही. मी बारची वायर तपासली. घट्ट होती. भाग पुन्हा लावला, मग सौ.च्या मोबाईलवर पाहिला. दोन्हीकडे दार मुकं. यावेळी चूक घरातली नव्हती.

साडेआठला मी फोन केला. मीच. पहिल्याच घंटेला उचलला तिने.

"छान झालंय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "पुढे?"

"पुढे काय? छान झालंय. तुझी आई दोनदा रडली. मी एकदा."

"बाबा, बाराव्या मिनिटाचं दार राहिलंय माझं. दुपारी लक्षात आलं, तेव्हा भाग वाहिनीकडे गेला होता. मॅडमना सांगून टाकलं, माझी चूक आहे म्हणून. त्या म्हणाल्या, ठीक आहे, उद्या पक्क्या नेमणुकीचा कागद घेऊन जा." ती म्हणाली. "तेव्हापासून तुमच्या फोनला घाबरून बसलेय मी."

"कुठलं दार?" मी म्हणालो.

ती हसली. आधी हळू, मग मोठ्याने, लहानपणी हसायची तशी. म्हणाली, पुढच्या रविवारी जेवायला येते, आईला फोन द्या. मी फोन दिला, आणि शेजारच्या खोलीत न जाता तिथेच बसलो.

दार बाराव्या मिनिटाला आणि चाळिसाव्या सेकंदाला लागतं. कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला झोप येणार नाही, म्हणून इथे लिहिलं. तिला सांगणार नाही.